धुराचा गेटपास

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात जरा हलका होईल. मी एका शहाण्या माणसाला वेडं ठरवलं. त्यासाठी तोंडानं फार बोलावंही लागलं नाही. उजव्या हाताचं बोट कानशिलाशी नेलं आणि स्क्रू पिळावा तसं दोनदा फिरवलं. त्या दोन फेऱ्यांत त्या माणसाचं स्टूल गेलं, आणि एका विहिरीची तक्रार पुढं दोन वर्षांहून जास्त कुणाच्या कानावर गेली नाही.

तो माणूस आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या फाटकावर बसायचा. नाव लिहीत नाही. न विचारता आपलं नाव बाहेर गेलेलं त्यांना चाललं नसतं, आणि विचारायला आता ते नाहीत. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा. मीही तेच म्हणतो.

"बाहेर चाललं का? मंग लिवा."

हे मामांचं वाक्य. दिवसाकाठी शंभरदा तरी ऐकू यायचं. म्हणता म्हणता कानामागची कॉपिंग पेन्सिल काढायची, टोक जिभेवर ओलं करायचं, आणि वही गुडघ्यावर घ्यायची. त्या पेन्सिलीनं मामांची जीभ बारमाही जांभळी असायची. नवीन लागलेला कामगार हमखास विचारायचा, "मामा, या थंडीत जांभळं कुठी भेटली जी?" मामा जीभ आत घ्यायचे आणि म्हणायचे, "पिशवी दाखव."

कारखाना शहराबाहेर, एका नाल्याच्या काठावर होता. रामटेककडून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गाड्या भरभरून यायचं. ते चुन्याच्या पाण्यात शिजायचं, त्याचा लगदा व्हायचा, लगद्याचा पुठ्ठा, आणि तो पुठ्ठा इतवारीच्या बाजारात जाऊन मिठाईचे नाहीतर साड्यांचे खोके व्हायचा. शिजत्या तणसाचा वास असा, की पाहुणा फाटकातच रुमाल काढायचा. आम्हाला मात्र सुटीच्या दिवशी घरी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

फाटकावर मामांचं जावक रजिस्टर. वेळ, काय गेलं, किती, गेटपास आहे की नाही, आणि शेवटचा रकाना परतीचं की बिनपरतीचं. दुरुस्तीला गेलेली मोटर परतीची, विकलेला पुठ्ठा बिनपरतीचा. साधी गोष्ट. पण मामांच्या हातात ती साधी राहायची नाही. एकदा आमचे मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, बंगल्यापुढच्या बागेतली गुलाबाची दोन रोपं गाडीत घालून सासुरवाडीला निघाले. मामांनी फाटक उघडलंच नाही.

"गेटपास?"

"अरे, गेटपास मीच देतो ना!"

"मंग द्या न जी."

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून गेटपास लिहिला. मामांनी विचारलं, "परतीचे का?" गाडीतून बाईसाहेब म्हणाल्या, "जगले तर बिनपरतीचे." मामांनी तसंच लिहिलं.

पुढं पुठ्ठ्याचे काही गठ्ठे गायब झाले आणि साहेबांनी हुकूम काढला. तो लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी ऑफिसात कारकून होतो, आणि कॉलेजच्या नियतकालिकात दोन कविता छापून आल्यामुळं आपल्याला भाषा येते अशी माझी समजूत होती. मी लिहिलं: 'कारखान्याच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जावक रजिस्टरात नोंद झालीच पाहिजे. याला कोणताही अपवाद नाही.' शेवटचं वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं. कानाला बरं वाटलं म्हणून मी घातलं.

मामांनी ते फाटकाजवळच्या फळ्यावर बोट ठेवून वाचलं, एकेका अक्षरावर थांबून. मग वर पाहिलं. वर आमची चिमणी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर तपासताना मला ही ओळ दिसली: 'दहा वाजून दहा मिनिटं. धूर. काळा. गेटपास नाही. गेला वस्तीकडं. परतीचं.'

मी हसत हसत फाटकावर गेलो. "मामा, हे काय लिहिलं?"

"हुकूम हाय जी."

"पण धुराला गेटपास कोण देणार?"

"ज्यानं सोडला त्यानं."

"आणि हे परतीचं म्हणून काय लिहिलंय? धूर कधी परत येतो का?"

मामांनी माझ्या कॉलरकडं बघितलं. पांढऱ्या शर्टावर काजळीचे बारीक ठिपके होते. "हे का पावडर हाय?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून मामा धूर लिहू लागले, आणि आठवड्याभरात नाल्यात सोडलेलं पाणीही. पाण्याच्या रंगासाठी त्यांनी आपलं माप काढलं होतं. आपण सगळे चहाबाज, त्यामुळं समजायला अडचण नव्हती. 'पाणी. दूधवाला चहा.' 'पाणी. कडक चहा, वर फेस.' 'पाणी. उरलेला चहा, तिसऱ्यांदा उकळलेला.' किती, या रकान्यासाठी त्यांनी एका बांबूला खाचा पाडून तो नाल्यात रोवला होता. 'तीन खाचा.' 'चार खाचा आणि दोन बोटं.' नाल्याला पूर आला तेव्हा त्यांनी लिहिलं: 'बांबू गेला. गेटपास नाही.'

कारखान्यात याची फार मजा झाली. बॉयलरवरची पोरं मुद्दाम फाटकाशी येऊन शिंकायची. "मामा, शिंक आली जी, लिवा!" मामा शांतपणे म्हणायचे, "तू आतमंदी उभा हायस. शिंक बी आतच राहिली. नोंद नाही." एक जण फाटकाबाहेर जाऊन शिंकला. मामा म्हणाले, "बाहेरच्या मानसाची शिंक मी काहून लिवू गा?" आम्ही पोट धरून हसलो. मीही. आता आठवलं की हसू येतं आणि लगेच कान गरम होतात.

कारण पाण्यापुढं मामा आणखी एक ओळ लिहीत, आणि तिच्याकडं आम्ही कुणीच नीट पाहिलं नव्हतं. पाण्याची नोंद सकाळची असली, की संध्याकाळी तिच्याखाली यायचं: 'परत आलं. विहिरीत. दाळ शिजली नाही.'

एकदा मी विचारलं. मामा नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीत राहायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे चाळिशीला टेकलेले, आणि लिहायला वाचायला शिकले ते त्यानंतर, रात्रशाळेत. घेतलेली विद्या वापरलीच पाहिजे असा त्यांचा हिशेब. वस्तीला एकच विहीर होती, आणि नाल्याचं चुन्याचं पाणी झिरपून तिच्यात उतरत होतं.

"मामी सकाळी तुरीची दाळ चुलीवर ठेवते," ते म्हणाले. "दुपारी मी जेवाले बसतो, तं दाळ तशीच. टणटण. वस्तीतल्या साऱ्या बायका बोंबलून राहिल्या. सरपण जळून जाते, दाळ जशीच्या तशी. मुगाची बी नाही शिजत अन् मसुराची बी नाही. मंग मी ठरवलं. लिवून ठेवावं. कधी ना कधी कोनी वाचेल."

वाचणारा मीच होतो. रोज सकाळी वाचत होतो आणि खाली बारीक सही करत होतो.

त्याच साली साहेबांच्या डोक्यात आलं, की भागधारकांना पाठवायच्या वार्षिक अहवालात आकड्यांशिवाय आणखीही काही असावं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल त्यांनी पाहिला होता. त्यात 'आम्ही आणि आमचा परिसर' असं पान होतं. "असंच पाहिजे," ते म्हणाले. "तू लिही. तुला भाषा येते."

मी दोन दिवस बसून लिहिलं. खरं सांगतो, पहिल्या मसुद्यात मी नाला घातला होता. विहीर घातली होती. चुना, डाळ, सगळं. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"हा अहवाल आहे की जबानी?"

"साहेब, मामांच्या रजिस्टरात..."

"भागधारक आपल्याकडून लाभांश घेतात, डाळ नाही. बाग लिही. गुलाब लिही. झाडं लावली ती लिही. कामगारांसाठी नळ बसवला तो लिही."

"आणि पाणी?"

"पाण्याचं एक वाक्य टाक. चांगलं."

ते चांगलं वाक्य मी टाकलं. 'कारखान्याचे सांडपाणी निरुपद्रवी असून आसपासच्या वस्तीची याबाबत कोणतीही तक्रार नाही.' वाक्याला लय होती. मी ते दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. माझी बदलीची, बढतीची स्वप्नं होती, नुकतं लग्न झालं होतं. कारणं लिहायला बसलो तर पान पुरणार नाही, आणि त्यातलं एकही कारण त्या डाळीच्या बाजूला ठेवून बघवत नाही.

अहवाल छापून आला तेव्हा मी, काय सांगू, एक प्रत मामांना दाखवायला घेऊन गेलो. माझं लिहिलेलं छापून आलं होतं ना. मामांनी हात पुसून प्रत घेतली आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. गुलाबांच्या फोटोवर बोट थांबलं.

"हे गुलाब आतमंदीच हाय ना?"

"हो."

"बाहेर गेले नाहीत?"

"दोन गेले होते, तुम्हीच लिहिलेत."

"बाकीचे?"

"आत आहेत."

"झाडं?"

"आत."

"नळ?"

"तोही आत."

मामांनी प्रत गुडघ्यावर ठेवली. "मंग हे सारं कोनाले सांगून राहिले? आतलं तं आतल्यायले दिसतेच. बाहेरच्या मानसाले काय सांगाव? आपल्या इथून बाहेर काय गेलं, ते. धूर गेला, पानी गेलं, ते कुठी हाय यात?"

मी म्हटलं, "पाण्याचं वाक्य आहे, खाली."

त्यांनी ते वाचलं. एकदा. मग पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा ठेवली. "कोनतीही तक्रार नाही," ते हळूच म्हणाले. "मामीले सांगतो. खुश होईल."

अशी माणसं कंपन्यांच्या अहवालांबद्दल भाषणं करत नाहीत. पण त्यानंतर मी कुठल्याही कारखान्याचा गुळगुळीत कागद हातात घेतला, की आधी बघतो: हे सगळं आतलंच आहे का?

आता ती बोटाची गोष्ट. पाण्याचा कायदा नवीन आला होता आणि एके दिवशी दुपारी सरकारी खात्याचा एक तरुण अधिकारी तपासणीला आला. साहेबांनी त्याला बाग दाखवली, पुरी-भाजी खाऊ घातली, अहवालाची प्रत दिली. माणूस भला होता. जाताना त्यानं नियमाप्रमाणं नाल्यातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं आणि निघाला. साहेब आणि मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

मामा स्टुलावरून उठले. "साहेब, थांबा जी. बाटलीत काय हाय?"

"पाणी."

"आमचं?"

"तुमच्या नाल्यातलं."

"मंग गेटपास?"

अधिकारी हसला. "अहो, घाण पाणी आहे ते!"

"तेच म्हनतो. बाकीचं तं बिनमोजता चाललं. हे बाटलीभर मोजून चाललं, याचा तरी गेटपास होऊ द्या."

त्या माणसाला गंमत वाटली. त्यानं विचारलं, "बाकीचं म्हणजे?" आणि मामांनी रजिस्टर त्याच्यापुढं धरलं. गेली दोन वर्षं ज्याची वाट बघितली तो वाचणारा समोर उभा होता. त्यानं एक पान वाचलं. उलटलं. दुसरं वाचलं. 'परत आलं. विहिरीत...' त्याच्या कपाळावर आठी आली. मामांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड कधी पाहिला नव्हता.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं.

मी अधिकाऱ्याच्या खांद्याशी झालो, हसलो, आणि बोट कानशिलाशी नेलं. "चालायचंच साहेब," मी म्हणालो. "शिंकासुद्धा लिहितात ते."

हे तर खोटंही होतं. शिंक त्यांनी कधीच लिहिली नव्हती.

अधिकारी "अच्छा, अच्छा" म्हणाला, रजिस्टर मिटलं आणि मामांच्या हातात अगदी जपून दिलं, आपण आजाऱ्याला देतो तसं. मामांनी सगळं पाहिलं होतं. ते खाली बसले, टोक जिभेवर ओलं केलं आणि लिहिलं: 'बाटली एक. कडक चहा. बिनपरतीची.' मग माझ्यापुढं वही केली. "सही."

मी सही केली. ती बाटली खरंच बिनपरतीची निघाली. तिचं पुढं काय झालं, आमच्यापर्यंत आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मामांना फाटकावरून काढून बागेत टाकलं. स्टूल गोदामात गेलं, कारण नवीन फाटकवाल्याला खुर्ची मिळाली. हातात रबरी नळी आणि समोर तेच गुलाब. पहिल्याच दिवशी मला ऑफिसच्या खिडकीतून बोलावून त्यांनी विचारलं, "बाबू, यायले कोनतं पानी घालू? नाल्यातलं, का तुमच्या कागदातलं?" आधी ते मला अहो-जाहो करायचे, नावानं हाक मारायचे. त्या दिवसापासून बाबू. मी खिडकी लावून घेतली. दोन वर्षं ती खिडकी मी फारशी उघडली नाही. मामा बागेतूनच निवृत्त झाले.

माणूस स्वतःहून सुधारतो यावर माझा फार विश्वास नाही. निदान मी तसा सुधारलो नाही. मला कंपनीचं क्वार्टर मिळालं. नवीन चाळ होती, नाल्याच्या खालच्या अंगाला. बायको खुश. पहिल्या दिवशी तिनं वरणासाठी डाळ लावली. मी कामावरून आलो तर ती स्टोव्हपुढं बसून होती, घामानं निथळलेली.

"काय बाई ही दाळ! सकाळपासून शिजवून राहिले. दुकानदारानं फसवलं तुमाले."

"दुसरी आण."

"तिसरी हाय ही!"

मी पातेल्यात पळी घातली. तुरीचे दाणे तळाशी टणटण वाजले. मी पळी हातात घेऊन तिथंच जमिनीवर बसलो. बायको म्हणाली, "असे काहून बसले जी? दाळच तं हाय." मी त्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, "मंग आता खा."

दाताखाली कडकड वाजत होती, तरी मी खाल्ली.

त्या वर्षीचा अहवालही माझ्याकडंच होता. तो छापायला जाण्याआधी साहेब त्यात दोनच गोष्टी बघायचे, स्वतःचा फोटो आणि गुलाब. गुलाबांच्या खाली मी बारीक अक्षरात पाच ओळी घातल्या. छापखान्यातला जुळारी म्हणाला, "हे एवढं बारीक कोण वाचेल जी?" मी म्हटलं, "एक जण बोट ठेवून वाचतात."

आणखीही लोकांनी वाचलं. इतवारीतल्या एका म्हाताऱ्या भागधारकानं सभेत उभं राहून विचारलं, "हे दाळीचं काय हाय?" साहेबांनी त्या ओळी वाचल्याच नव्हत्या, त्यामुळं त्यांचं उत्तर फार लांबलं. मला तणसाच्या यार्डात गंज्या मोजायला पाठवलं. वर्षभरात नाल्याच्या तोंडाशी चुना बसायला दोन हौद बांधले गेले आणि वस्तीला नळ आला. ते अहवालामुळं, की पाणीवाल्या खात्यामुळं, की म्हाताऱ्याच्या भीतीनं, मला ठाऊक नाही. श्रेय घ्यायची माझी पात्रताही नाही.

पण हे सगळं नंतरचं. अहवाल छापून आला त्याच आठवड्यातल्या रविवारी मी गोदामातून ते स्टूल काढून घेतलं. रीतसर अर्ज केला, 'मोडके' असा शेरा मिळवला, गेटपास केला, आणि स्टूल सायकलच्या कॅरिअरला बांधून वस्तीत गेलो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. स्टूल ओळखलं, पण हात लावला नाही.

"गेटपास?"

मी दिला. त्यांनी वाचला. "बिनपरतीचं," असं स्वतःशीच म्हणाले आणि मग त्यावर बसले. मी अहवाल त्यांच्या हातात दिला. गुलाबांवरून बोट सरकलं, खाली आलं, आणि ते मोठ्यानं वाचू लागले:

"'यापूर्वीच्या अहवालात सांडपाण्याबाबत जे छापले ते खरे नव्हते. पाणी नाल्यात जाते आणि वस्तीच्या विहिरीत परत येते. त्यात डाळ शिजत नाही. हे एका माणसाने रोज लिहून ठेवले होते. त्याला वेडा म्हणणारा मी खोटा होतो.'"

त्यांनी बोट पानाच्या तळापर्यंत नेलं. मग म्हणाले, "खाली नाव नाही. हा मी कोन?"

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून पुढं केली. निवृत्त झाले तरी ती तिथंच होती. मी टोक जिभेवर ओलं केलं आणि त्या छापील पानावर माझं नाव लिहिलं. कडवट लागते ती पेन्सिल. इतकी वर्षं ते ही चव घेत होते.

"आता बराबर," ते म्हणाले. "पन हे कागदावरचं झालं. दाळ काही मी शिजवत नव्हतो." आणि आत तोंड करून हाक मारली, "आइकलं का वं? बाहेर ये. बाबू आले. मोठे बाबू."

मामी पदराला हात पुसत दारात आल्या. माझ्या तोंडाकडं पाहून त्यांना हसू फुटलं, कारण माझी जीभ जांभळी झाली होती. मी उठून उभा राहिलो आणि त्या जांभळ्या जिभेनं म्हणालो:

"मामी, तुमची डाळ आमच्या पाण्यानं शिजत नव्हती. मला माहीत होतं. तरी तुमची तक्रार नाही असं मी लिहिलं, आणि मामांना वेडं म्हटलं. माझं चुकलं. मला माफ करा."